भेकाचं वय, हाडातल्या रेषा आणि विहिरीचं पाणी

एप्रिल-मे महिन्यातले माझे तीन आठवडे नुसत्या पाण्यापायी गेले. प्रबंध देऊन झाला, तरी तो राग अजून उतरलेला नाही.

एम.एस्सी.साठी मला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या भेकांची, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकांची, वयं काढायची होती. भेकाचं वय बाहेरून कळत नाही. अंगानं मोठा तो वयानंही मोठा, असं नसतं. पण झाडाच्या खोडात असतात तशी त्याच्या हाडातही वलयं असतात. खायला भरपूर असतं तेव्हा हाडावर बाहेरून रुंद थर चढतो आणि वाढ थांबली की तिथे एक बारीक गडद रेष उमटते. थंड देशांत ती हिवाळ्याची असते. आपल्याकडे हिवाळा कसला! पण पाऊस सरला की भेक मातीत, दगडांखाली दडून बसतात. आपल्याकडची रेष म्हणजे ते कोरडे महिने. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून २००१ मध्ये मायक्रोहायला ऑर्नाटा या चिमुकल्या बेडकाचं वय बोटांच्या हाडांवरून काढल्याचा निबंध आला होता, त्यामुळे मला धीर होता. शिवाय यात जीव घ्यावा लागत नाही. बोटाचं एक पेर काढायचं आणि भेकाला होतं तिथेच सोडून द्यायचं.

वनखात्याची परवानगी, जूनमधल्या रात्री टॉर्च घेऊन फिरणं, पेरं सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवणं, सगळं सुरळीत पार पडलं. पेरं फॉर्मॅलिनमध्ये महिनोन्महिने ठेवू नका. ते हळूहळू आम्लधर्मी होतं आणि हाड बिघडवतं.

पुढची पायरी म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढणं. ते राहिलं तर मायक्रोटोमच्या, म्हणजे अगदी पातळ काप काढायच्या यंत्राच्या, पात्याखाली हाडाचा चुरा होतो. त्यासाठी पेर पाच टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवायचं आणि चिमट्यानं हलकेच वाकवून बघायचं. न मोडता वाकलं की झालं. लहान पेरांना माझ्याकडे दोनेक तास लागले. मग ॲसिड पूर्ण निघून जाईपर्यंत, रात्रभर, वाहत्या पाण्याखाली धुवायचं.

रात्रभर वाहतं पाणी म्हणे! आमच्या इमारतीत संध्याकाळी सहानंतर नळाला थेंब येत नसे. उन्हाळ्यात टाकी बंद ठेवतात हे मला पहिल्या दिवशी कोणीच सांगितलं नाही. सकाळी येऊन पाहते तर नळ कोरडा आणि पेरं त्याच आंबट पाण्यात पडलेली. लॅबमधले काका म्हणाले, ‘‘उदक ना गो बाय, सांजेर टांकी बंद करतात.’’ मग देखभालीच्या कार्यालयात गेले. अर्ज द्या म्हणाले. दिला. विभागप्रमुखांची सही हवी म्हणाले. सही आणली, तर हा अर्ज पाणीवाल्यांकडे जातो, इथे नाही, असं सांगितलं. तिथे गेले, तर रात्री नळ सोडण्याचा नियमच नाही. एका नळाच्या बारीक धारेसाठी मी चार दिवस तीन टेबलांपुढे उभी राहिले आणि त्या चार दिवसांत नऊ पेरं वाया गेली. त्यातलं प्रत्येक पेर एका जिवंत भेकाच्या पायाचं होतं. पुन्हा कुठून आणणार?

शेवटी राहत्या घराच्या विहिरीचं पाणी दोन कॅन भरून रोज स्कूटरवरून आणायला लागले. दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं, असं रात्री अकरापर्यंत. इतकं करूनही, पेर मेणात बसवून, कापून आणि रंगवून स्लाइड बघितली तर सगळं हाड एकसारखं फिकट विटकरी! रेषा कुठेच नाहीत. ॲसिडचा वेळ कमी केला, हिमॅटॉक्सिलिन (रेषा उठून दिसाव्यात म्हणून देतात तो रंग) नवीन केलं, पातं बदललं. काहीच फरक नाही. मेच्या उकाड्यात ते मेण, म्हणजे पॅराफिन, मऊ पडून सेक्शन (काप) चुरगळायचे, तो ताप निराळा. त्यावर उपाय सोपा आहे: कापण्याआधी मेणाच्या ब्लॉकच्या तोंडावर मिनिटभर बर्फाचा खडा धरा.

एके दिवशी मॅडमनी कपाटातली एक जुनी स्लाइड माझ्या स्लाइडशेजारी ठेवली. जुनीत रेषा निळ्या-जांभळ्या होत्या. ‘‘धुतेस कशात?’’ त्यांनी विचारलं. विहिरीच्या, म्हटलं. त्यांनी पीएच कागद पुढे सरकवला. कागद पाच आणि सहाच्या मध्ये थांबला.

जांभ्या दगडातलं पाणी बऱ्याचदा असं किंचित आम्लधर्मी असतं. हिमॅटॉक्सिलिन आम्लात तांबूस राहतं आणि थोडा अल्कलीपणा मिळाला की निळं होऊन पक्कं बसतं. म्हणजे इतके दिवस मी हाडातलं आम्ल आम्लधर्मी पाण्यानंच धूत होते, आणि रंग दिल्यावर पुन्हा त्यातच बुडवत होते. त्याच विहिरीच्या लिटरभर पाण्यात खायच्या सोड्याची मोठी चिमूट टाकली आणि रंगवलेली स्लाइड त्यात सोडली. मिनिटभरात विटकरी रंग डोळ्यांदेखत निळा झाला. भिंगाखाली तीन रेषा स्वच्छ दिसल्या. मी काकांनाही बोलावून त्या दाखवल्या.

तेव्हा आधी पाण्याचा पीएच बघा, ॲसिडला आणि पात्याला दोष नंतर द्या. रात्री नळ चालू राहतो का, तेही पहिल्याच दिवशी विचारा.

मोजताना पेराच्या मधोमधचे सेक्शन घ्या, जिथे हाडातल्या मज्जेची पोकळी सर्वांत लहान असते. टोकाकडच्या सेक्शनवर मोजलंत तर चुकाल. मज्जा आतून हाड खात जाते, त्यामुळे सर्वांत आतली रेष कधीकधी पुसलेली असते. ते ओळखण्यासाठी मी त्याच वर्षीच्या पिल्लांच्या हाडाचा व्यास मोजून ठेवला होता. मोठ्याची पोकळी त्याहून रुंद निघाली, तर एक रेष गेली असं धरायचं. जोडरेषाही दिसतात. दोन्ही अगदी चिकटून सगळीकडे बरोबरीनं धावत असतील तर मी एकच वर्ष धरलं. पण भेक वयात आल्यावर वाढ मंदावते आणि बाहेरच्या खऱ्या रेषाही जवळजवळ येतात. तिथे घाई करू नका. मी प्रत्येक स्लाइड आठवड्याच्या अंतरानं दोनदा मोजली, आधीचा आकडा न बघता.

आणि एक राहिलंच. नराच्या पुढच्या पायाचं आतलं बोट कापू नका. विणीच्या दिवसांत त्यावर खरखरीत गादी येते आणि मादीला धरताना त्याला त्या गादीचाच आधार असतो. मी मागच्या पायाच्या चौथ्या बोटाचं टोकाचं पेर घेतलं.