लाइन गेल्यावर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कॉलेजातली मुलं विचारतात, वाचनालयाच्या कार्यक्रमात विचारतात, परवा तर एकांनी खास फोन करून विचारलं: "ताई, तुम्ही कथा लिहिता, मग रोज संध्याकाळी मालिका कशाला बघता? त्यातून सुचतं तरी काय?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, ती मला कळते. दरवेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर चुटपुट लागते.

नीट सांगायचं तर 1987 पासून सुरुवात करावी लागेल. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाला. तेव्हा गावात एकच टीव्ही होता, गुरुजींच्या छपरीत. ब्लॅक अँड व्हाइट, पोर्टेबल. अँटेना कवेलूंच्या वर लांब बांबूला बांधलेला. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या, मग एखादा पोट्टा वर चढून बांबू फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "दिसलं, दिसलं! राहू दे!" त्या वर्षी 25 जानेवारीला रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी त्या छपरीत पाय ठेवायला जागा उरेना. लाइन तर जायचीच. म्हणून गुरुजी ट्रॅक्टरची बॅटरी जवळ आणून ठेवायचे. तो टीव्ही बारा व्होल्टवरही चालायचा.

केवटाचा भाग होता त्या दिवशी लाइन गेली आणि बॅटरीही उतरलेली निघाली. चित्र चारी बाजूंनी आक्रसत आत आलं, मध्ये पांढरा ठिपका राहिला, मग तोही विझला. राम नदीच्या काठी उभा, केवट पाय धुतल्याशिवाय त्याला नावेत घेईना, आणि पुढे काळा पडदा.

कोणीच उठलं नाही. भिंतीला टेकून बसलेली माझी आजी म्हणाली, "थांबा, मी सांगतो."

आजीच्या गोष्टीत गंगा नव्हती, वैनगंगाच होती. नाव नव्हती, डोंगा होता. केवट आमच्या गावचा ढिवर. सीतामाय भाड्यापोटी अंगठी देऊ लागली, त्यानं हात जोडले, घेतली नाही. इथवर सगळ्यांना माहीतच होतं. आजी मात्र तिथं थांबली नाही. "मंग तो घरी गेला," ती म्हणाली. "बायकोनं इचारलं, आज किती भेटले? तो म्हने, काही नाही. ती म्हने, दिवसभर डोंगा वल्हवला अन काही नाही? मंग आज चुलीवर का ठेवू?"

छपरी गप्प. दाराशी बसलेली एक ढिवरीण हळूच म्हणाली, "कण्या असतीन ना घरी. पेज होते त्याची." ती हे इतक्या सहज बोलली, जणू तिलाच विचारलं होतं.

लॉकडाऊनमध्ये, 28 मार्च 2020 पासून, दूरदर्शननं तेच 'रामायण' पुन्हा दाखवलं. मी लेकीला शेजारी बसवून बघायला लागले. केवटाचा भाग आला. राम, सीता, लक्ष्मण नदी उतरून गेले आणि मालिका त्यांच्यामागे वनात निघाली. निघायलाच हवी, ती रामाची गोष्ट आहे. पण मी वाट बघत होते त्या चुलीची. केवटाची बायको, तिचं रिकामं पातेलं, आमच्याकडे म्हणतात तो गंज, तिचा प्रश्न, हे सगळं माझ्या डोक्यात ब्लॅक अँड व्हाइटमध्ये स्पष्ट होतं. तेहतीस वर्षं मी ते टीव्हीवर बघितलंय असंच धरून चालले होते. ते टीव्हीवर कधी नव्हतंच. मी उठून मोरीवर गेले आणि तोंडावर पाणी मारलं. आजीला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मला सुचतं ते इथून. मालिकेत कॅमेरा ज्याला सोडून पुढे जातो, त्याच्यासोबत मी मागे राहते. मोठ्या घरातल्या भांडणात चहाचा ट्रे घेऊन आलेली बाई दोन सेकंद दिसते आणि जाते. सगळे रडत असतात, ती कप गोळा करते. मला तिच्या मागे जायचं असतं. ती घरी किती वाजता पोचते? या भांडणाबद्दल ती घरी काय सांगते? माझ्या कितीतरी कथा अशा ट्रेमागून निघाल्या आहेत.

माझ्या सवयींबद्दलही तुम्ही विचारता. मी अर्धी मालिका बघत नाही, ऐकते. स्वयंपाकघरातून, भाकरी थापताना. चेहरे दिसत नसले की वाक्य उघडं पडतं. "तू माझी सख्खी बहीण आहेस, आणि तीन वर्षांपूर्वी बाबा गेल्यापासून मीच तुला सांभाळलंय," असं कोणती बहीण बहिणीला म्हणते? पण मालिकेत म्हणावं लागतं, आणि त्याचं कारण मला माझ्याच घरात दिसतं. बघणारी बाई मधूनच गाय बांधायला उठते, कुकरची शिट्टी मोजते, लेकराला पाणी देते. ती परत येऊन बसली की तिला धागा सापडला पाहिजे. लिहिणाऱ्यांना तिची कदर आहे म्हणून ते पुन्हापुन्हा सांगतात. माझा वाचक मात्र उठून गेला तरी परत येऊन त्याच ओळीवर बोट ठेवू शकतो. तेव्हा असं वाक्य माझ्या कथेत आलं की मी ते काढून टाकते.

कधी उलटं करते, आवाज बंद करून नुसते हात बघते. चांगला नट असेल तर त्याचे हात वेगळंच बोलत असतात. आणि उद्या काय होणार त्याची झलक सुरू झाली की मी टीव्ही बंदच करते. तो तासभर माझा असतो. पुढे काय व्हावं हे आधी माझ्या वहीत लिहिते, दुसऱ्या दिवशी ताडून बघते. बहुतेक वेळा जुळत नाही. जुळलं नाही की मला फार बरं वाटतं, कारण ती गोष्ट मग माझी झाली.

'महाभारता'चं ऋण वेगळं. 1988 च्या 2 ऑक्टोबरला ते सुरू झालं. राही मासूम रझांनी त्यात गोष्ट सांगायला माणूस घेतला नाही, खुद्द काळालाच बोलतं केलं. शाळकरी वयात मला त्या आवाजाची भीती वाटायची. पुढे लिहू लागले तेव्हा सगळ्यात अवघड प्रश्न तोच होता, की हे सांगतंय कोण? गावातल्या तीन पिढ्यांच्या भांडणाची कथा मी चार वेळा लिहून फाडली. पाचव्यांदा ती आमच्या मामा तलावाला, म्हणजे माजी मालगुजारी तलावाला, सांगू दिली. मालगुजारीच्या काळापासून तो तिथंच आहे, धान त्याच्याच पाण्यावर, भांडणही त्याच्याच पाण्यावरून. मग कथा सरळ उतरली.

मालिकेकडून मी घेत नाही ती एकच गोष्ट, शेवट. 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, तीन हजारांवर भाग झाले. सुरुवातीला आमच्याकडे पाळण्यात असलेली पोरगी ती संपेस्तोवर सहावीत गेली होती. लोकांनी त्या घरावर जीव लावला, मीही लावला. पण कथेला कुठंतरी टेकावं लागतं, आणि ते मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांकडून शिकले. दिवाळीनंतर वडशाच्या कंपन्या गावोगाव येतात, रात्री पडदा उघडतो आणि तांबडं फुटायच्या बेताला नाटक संपतं. नटाला माहीत असतं, समोरच्या माणसाला घरी जाऊन ढोरं सोडायची आहेत. ती घाई, ते अंगावर आलेलं उजाडणं मला माझ्या शेवटच्या पानात हवं असतं.

गेल्या पावसाळ्यात वादळानं खांब पडले आणि दोन दिवस लाइन नव्हती. रोवणीचे दिवस. बाया बांधीतून आल्या, हातपाय धुतले आणि माझ्याच छपरीत जमल्या. मालिकेतली सून सासरच्या दारातून बॅग घेऊन निघाली होती, तिथंच भाग थांबला होता.

"तू लिवतं ना वो बाई," शेजारची काकू म्हणाली, "मंग सांग, पुढं का झालं?"

मी सांगायला लागले. ती बसस्टँडवर गेली, माहेरच्या गाडीत बसली...

"थांब," काकू म्हणाली. "बॅगीत कपडे भरले तिनं, मी पाह्यलं. पैसे कोठं घेतले? एसटीत बायांले अर्धं तिकीट झालं, तरी अर्धं तं लागते ना!"

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोणी म्हणे डब्यात लपवलेले असतील, कोणी म्हणे कंडक्टर ओळखीचा निघाला, एकीचं म्हणणं ती पायीच गेली, पाहटेपर्यंत. मी कंदिलाची वात वर केली आणि वही आणायला आत गेले.