गाळलेल्या भागाची नोंद

गुरुवार, रात्री उशिरा

जॉन स्मिथ या इंग्रज मिशनऱ्याच्या रोजनिशीतली ८ ऑगस्ट १८१७ची नोंद आज पुन्हा वाचली आणि चिडचिड झाली. खरं तर वाईट वाटायला हवं होतं. लिहून बघते, कळलं तर कळलं.

नोंद साधी आहे. देवळात, म्हणजे त्याच्या चॅपेलात, गर्दी चांगली होती. बायबलातल्या उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायावर प्रवचन केलं. तेराव्याचा शेवटचा भाग मात्र गाळला, कारण तिथे अब्राहामाला कनान देश देण्याचं वचन आहे, आणि ऐकणाऱ्या गुलामांनी त्याचा भलता अर्थ लावला तर? यांच्या मनावर चुकीचा ठसा उमटवणं सोपं, बरोबर उमटवणं अवघड, अशीही पुस्ती आहे.

गाळलं ते गाळलं. डेमेरारात (दक्षिण अमेरिकेतली तेव्हाची ब्रिटिश वसाहत, आजच्या गयानात) येऊन त्याला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. गव्हर्नर मरेनं सुरुवातीलाच दम भरला होता: एकाही गुलामाला वाचायला शिकवल्याचं कानावर आलं तर वसाहतीतून तत्काळ हाकलून देईन. त्याला पाठवणाऱ्या लंडन मिशनरी सोसायटीची लेखी ताकीद तर त्याहून बारीक: चारचौघांत किंवा खाजगीत असा एकही शब्द तोंडून जाता कामा नये, की ज्यानं गुलाम मालकावर किंवा आपल्या स्थितीवर नाराज होईल. (त्याच सुमारास मुंबईत अमेरिकन मिशनरी मराठी शाळा काढत होते. तिथे वाचायला शिकवणं हेच काम, इथे तोच गुन्हा.) वय सत्तावीस, लंडनमध्ये बेकरीत उमेदवारी केलेला मुलगा, सोबत बायको जेन. अशा माणसानं बायबलातला एक भाग वगळला तर मी कोण बोलणारी. पण वगळला हे लिहून कशाला ठेवायचं? तेही कारणासकट?

सहा वर्षांनी कोर्ट-मार्शलपुढे हीच नोंद वाचून दाखवली. फिर्यादी पक्षाचा अर्थ सरळ होता: गुलाम या वचनांचा काय अर्थ लावतील हे तुला ठाऊक होतं, म्हणजे तू काय पेरतोयस हेही ठाऊक होतं. सावधगिरीचा पुरावा हाच इराद्याचा पुरावा ठरला. तो भाग वाचून दाखवला असता तर निदान तसं म्हणता तरी आलं असतं.

मार्च १८१९ची नोंद त्याहून वाईट. लिहितोय आणि आसुडाचा आवाज जवळजवळ अखंड चालू आहे, काळजाचा थरकाप होतो, असं त्यानं लिहिलंय. आणि पुढे: या अन्यायाचा बदला हे लोक लवकरच घेतील असं वाटतं. वहीत, एकट्यानं. कोर्टात मात्र हे भविष्य नव्हतं, चिथावणी होती. ही वही छापलेली नाही, मळ्यावरच्या कुणाला दाखवलेली नाही, मग तिनं कुणाला कसं चिथवलं, हा त्याच्या बचावातला मुद्दा मला अजून बिनतोड वाटतो. चालला नाही.

अटकेचं निमित्तही वहीचं नव्हतं. १८ ऑगस्ट १८२३ला पूर्व किनाऱ्यावरच्या मळ्यांत बंड उठलं, १९ला लष्करी कायदा लागला. मग मिलिशियात, म्हणजे वसाहतीतल्या नागरिकांच्या फौजेत, भरती हो म्हणून हुकूम आला. धर्मोपदेशकाला त्यातून सूट असते म्हणून यानं नकार दिला. २१ला घोडेस्वार दारात. त्याला नेलं, जेनला नेलं, कागदपत्रांना मोहोर लागली. आरोप काय ठेवायचा हे नंतर, वही उघडल्यावर.

आणि बंडाचं मूळ कुठे होतं? लंडनहून वसाहतमंत्री बॅथर्स्टच्या सूचना जुलैमध्ये पोचल्या होत्या: बायकांना फटके बंद, शेतात मुकादमाच्या हातात आसूड नको. गव्हर्नरनं त्या जाहीरच केल्या नाहीत. मालकांच्या जेवणाच्या टेबलावर मात्र चर्चा जोरात. वाढणारे ऐकत होते. स्वयंपाकघरापर्यंत आली तेव्हा बातमी झाली होती की राजानं स्वातंत्र्य दिलंय आणि हे लोक दाबून बसलेत. त्याआधी मे महिन्यात परिपत्रक निघालं होतं की रविवारी देवळात यायचं तर मालकाची चिठ्ठी हवी. हे दोन्ही कागद स्मिथचे नव्हते. फासाची शिक्षा त्याला.

परत तिथेच येते. का लिहिलं?

सोसायटीला मिशनऱ्यांनी रोजनिशी ठेवायला हवी असायची, हे एक कारण. पण तिथं हजेरी, बाप्तिस्मे, प्रवचनाचा विषय एवढं पुरलं असतं. हा मनुष्य गाळलेलंही लिहितो. मला वाटतं बोलायला कुणी नव्हतं. तो राहायचा त्या ल रिझूव्हनीर मळ्यावर मॅनेजर शत्रू. सगळ्यात जवळचा म्हणावा तर क्वामिना, देवळाचा डीकन (मंडळीचा सेवक), शेजारच्या सक्सेस मळ्यावरचा गुलाम सुतार. त्याच्याशी नेमकं हेच बोलायचं नाही अशी ताकीद. उरली वही.

क्वामिनाची वही नाही. कशी असेल? १७ ऑगस्टच्या रविवारी, प्रार्थनेनंतर तो स्मिथशी बोलला. मॅनेजरांना शहरात पाठवायचं असं काहीतरी चाललंय, असं त्याच्या बोलण्यातून आलं. गप्प राहा, असलं काही करू नका, असं स्मिथनं सांगितलं. खटल्याचा कणा म्हणजे हे संभाषण: तुला माहीत होतं आणि तू कळवलं नाहीस. खटला १३ ऑक्टोबरला सुरू झाला. क्वामिनाला १६ सप्टेंबरलाच गोळी घालून मारलं होतं आणि प्रेत साखळ्यांत घालून सक्सेसच्या समोर टांगलं होतं. सक्सेस जॉन ग्लॅडस्टनच्या मालकीचा. याच ग्लॅडस्टनच्या मळ्यांसाठी १८३८मध्ये कलकत्त्याहून मजूर आणले. तो विषय वेगळा, त्यावर कधीतरी.

कोर्टाबद्दलही थोडं लिहायला हवं, नाहीतर ही सगळी स्मिथच्या स्वभावाचीच गोष्ट आहे असं मला वाटायला लागेल. तो शिपाई नव्हता. लष्करी कायदा लागला १९ ऑगस्टला, आणि पुरावे १८१७पासूनचे. वसाहतीच्या मुख्य न्यायाधीशाला मिलिशियाचा लेफ्टनंट-कर्नल करून त्या बाकावर बसवलं. बंड काही दिवसांत मोडलं होतं, पण लष्करी कायदा जानेवारीपर्यंत चालू ठेवला. बंडात गोरे मेले दोन-तीन. मॅनेजरांना बहुतेक ठिकाणी खोड्यात अडकवून ठेवलं होतं, एवढंच. गुलाम मेले त्यांचा आकडा शेकड्यांत. ऑस्टिन नावाच्या अँग्लिकन पाद्र्यानं साक्ष दिली की रक्तपात टळला तो स्मिथच्या शिकवणीमुळे. ऑस्टिनचं पुढे तिथे राहणं अशक्य करून टाकलं.

२४ नोव्हेंबरला निकाल: फाशी, दयेच्या शिफारशीसह. छातीचं दुखणं बंडाच्या आधीपासूनचं, डॉक्टरांनी हवापालट सांगितलेला. आता खोली तळमजल्यावरची, फरशीच्या फळ्यांखाली साचलेलं पाणी. क्षयाच्या माणसाला यापेक्षा फाशी लवकर आटोपली असती. कागद लंडनला जाऊन परत यायला महिने. राजानं फाशी माफ केली होती, वसाहत सोडून जा आणि जामीन भर, एवढंच. ते पोचायच्या आत, ६ फेब्रुवारी १८२४ला, तो गेला. तेहतीस वर्षांचा. पहाटे चारच्या सुमारास पुरलं, जेननं प्रेतामागून चालायचं नाही असा हुकूम. जेनबद्दल आज नको. नंतर देवळातल्या दोघांनी कबरीला विटा आणि कठडा करायला घेतला, तोही पाडायला लावला. असो.

जूनमध्ये हेन्री ब्रूम या खासदारानं लंडनच्या पार्लमेंटात या खटल्याच्या निषेधाचा ठराव मांडला, १४६ विरुद्ध १९३नं पडला. पडला तरी चर्चा गाजली, आणि त्या वहीतले उतारे डेमेराराच्या कोर्टात पोचले नसते इतक्या लोकांपर्यंत पोचले. म्हणजे वहीनं मारलं आणि वहीनंच... नको, हे फार सोपं होतंय.

मला खरं तर हेवा वाटतोय की काय. माझ्या कपाटातल्या वह्या उद्या कुणी जप्त केल्या तर दूधवाल्याचा हिशेब, पाठदुखी आणि ताईशी न बोललेल्या गोष्टी यांपलीकडे काय सापडणार? आणि त्या न बोललेल्यासुद्धा मी धड लिहिलेल्या नाहीत. ‘ताईचा फोन’ एवढंच. पुढे काही नाही. आजही आला होता. सरकारी वकील कंटाळून परत पाठवील. मघाशी याचं फार वाईट वाटत होतं, आता हसू येतंय. सुरक्षित वही लिहायची कला मला उपजतच आहे. कुणी मागितलेली नसताना.

त्याला ती शेवटच्या आठवड्यांत जमली. जानेवारीत खटल्याचा खर्च भागवायला त्यानं सोसायटीवर हुंडी काढली. रक्कम, सही, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात: २ करिंथ ४:८, ९. वचन लिहिलेलं नाही, कारण दिलेलं नाही. ज्याला पाहिजे त्यानं बायबल उघडून बघावं: चोहोंकडून संकटं आली तरी कोंडमारा नाही, खाली पडलो तरी नाश नाही. मरेच्या माणसांनी हुंडी उलटसुलट करून पाहिली असती तरी त्यांना पैशांखेरीज फक्त तीन-चार आकडे दिसले असते.

चिडचिड गेलेली नाही, कमी झालीये. जेनचं प्रतिज्ञापत्र उद्या काढते, आणि ताईला फोन, बहुतेक.