लाकडी बंदुकीची परवानगी

“बंदुकीच्या नळीला केशरी टोपण लावा.” नाटकातल्या १८६६ सालच्या शिपायाची बंदूक, आणि तिच्या तोंडाला झगझगीत केशरी टोपण! सभागृहाच्या कार्यालयाचा तो ईमेल मी अजून जपून ठेवलाय, राग आला की उघडतो.

डेन्व्हरमधल्या आमच्या हौशी संस्थेने जुन्या अमेरिकन पश्चिमेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांवर नाटक बसवलं. लेखन, दिग्दर्शन, अभिनय सगळं इथल्या कृष्णवर्णीय बायकांचं. माझ्याकडे प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, आणि परवानग्यांची कागदपत्रं. क्लारा ब्राउनचा प्रवेश तर विनासायास बसला. गुलामीतून सुटून ती १८५९ मध्ये कोलोरॅडोत आली, सेंट्रल सिटीत खाणकामगारांचे कपडे धुऊन पैसा साठवला, आणि लहानपणीच विकली गेलेली मुलगी तिला थेट १८८२ मध्ये सापडली. क्लाराच्या प्रवेशाला लागतं एक घंगाळ आणि धुण्याची फळी. घंगाळाला परवानगी लागत नाही.

घोडं अडलं ते कॅथे विल्यम्सपाशी. ‘विल्यम कॅथे’ असं पुरुषाचं नाव सांगून ती सेंट लुइसला सैन्यात भरती झाली आणि ३८व्या पायदळात जवळजवळ दोन वर्षं राहिली. तिच्या हातात बंदूक नाही द्यायची तर काय, झाडू?

सभागृह एका शाळेचं, म्हणून ‘शस्त्रासारखी दिसणारी वस्तू’ असा वेगळा फॉर्म. त्यात रकाना: वस्तूच्या निर्मात्याचं नाव. आमची बंदूक एका सभासदाने गॅरेजमध्ये लाकूड तासून केलेली. मी तसंच लिहिलं, तर उत्तर आलं, निर्मात्याच्या लेटरहेडवर पत्र आणा. गॅरेजला कुठलं लेटरहेड? भाड्याचं बघणारे म्हणायचे सुरक्षा विभागाला विचारा, सुरक्षावाले म्हणायचे भाड्याच्या टेबलाकडे जा. त्यात त्या टोपणाची अट आली. मी कायदाच काढला: नकली बंदूक ओळखू यावी म्हणून लावायच्या केशरी खुणेचा केंद्रीय नियम १८९८ पूर्वीच्या बंदुकांवरून केलेल्या, गोळी न झाडणाऱ्या संग्राह्य प्रतिकृतींना लागू नाही, आणि नाटक-सिनेमासाठीही सूट मिळू शकते. उत्तर: शाळेचे नियम वेगळे. मग दाखवा ना लेखी! त्यावर शांतता.

(विम्याचं आत्ता आठवलं म्हणून सांगतो: पॉलिसीत सभागृहाच्या मालकाचं नाव ‘अतिरिक्त विमाधारक’ म्हणून आधीच घालून घ्या, नाहीतर तारीखच पक्की होत नाही.)

महाराष्ट्रात राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरच्या, प्रमाणपत्रासाठी संहिता पाठवून ताटकळायची मला सवय होती. इथे संहिता कुणी बघायलाही मागितली नाही. गुलामी, लिलाव, ताटातूट, सगळं बिनबोभाट पास; धास्ती फक्त लाकडाच्या तुकड्याची.

मी कुरकुर केली तेव्हा दिग्दर्शिकाबाईंनी माझ्यापुढे शेवटचा प्रवेश सरकवला. कॅथेने १८९१ मध्ये अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. दोन्ही पायांची बोटं गेलेली, कुबडीशिवाय चालता येत नव्हतं. तरीही पेन्शन मिळण्याजोगं अपंगत्व नाही म्हणून १८९२ मध्ये अर्ज फेटाळला. “तू अजून बराच तरुण आहेस,” बाई म्हणाल्या, आणि तालमीला लागल्या.

सुटलं कसं? मी ईमेल बंद केले आणि सुरक्षा विभागाच्या साहेबांना रंगीत तालमीला बोलावलं. त्यांनी बंदूक हातात घेतली, टकटक वाजवून बघितली, हसले आणि उभ्याउभ्या सही केली. अटी रास्त होत्या: प्रवेश नसेल तेव्हा कुलूपबंद पेटीत, किल्ली एकाच माणसाकडे, नळी प्रेक्षकांकडे वळवायची नाही, दारावर सूचना. किल्ली माझ्या गळ्यात होती आणि त्याचा मला नको इतका अभिमान होता. फोटोही काढून घेतले.

तेव्हा फॉर्म भूमिका वाटण्याआधीच मागवा, आणि त्यावर सही नेमकी कोणाची चालते हे पहिल्याच फोनला विचारा.

पुढच्या नाटकात मेरी फील्ड्स येतेय. १८९५ पासून मोंटानात कॅस्केडच्या वाटेवर टपाल पोचवणारी, जवळ बंदूक बाळगून असायची. भूमिका कोण करणार ते अजून ठरायचंय, पण तिच्या बंदुकीचा फॉर्म मी देऊन टाकलाय. निर्मात्याच्या रकान्यात आमच्या संस्थेचं नाव आहे, आणि सोबत आमच्याच लेटरहेडवर पत्र.