तेलाचा निधी आणि मराठवाड्याचे पाणी

नॉर्वेतील स्टाव्हांगर या तेलनगरीत राहणाऱ्या माझ्यासारख्या अंबाजोगाईकराला इथल्या सरकारी पेन्शन निधीचे मनापासून कौतुक वाटते. उत्तर समुद्रात 1969 साली मोठा तेलसाठा सापडला, 1990 मध्ये निधीचा कायदा झाला आणि 1996 मध्ये पहिली रक्कम जमा झाली. तेलाचे उत्पन्न देशाबाहेर गुंतवायचे आणि त्यातून सरकारने वर्षाला निधीच्या सरासरी 3 टक्क्यांच्या आसपासच खर्च करायचा, हा इथला दंडक आहे. पुढच्या पिढीचा वाटा आजच खाऊन टाकायचा नाही, हा विचार इतक्या निष्ठेने पाळणारे सरकार विरळाच. सुमारे 55 लाख लोकांचा हा देश आज जगभरातील नोंदणीकृत कंपन्यांच्या जवळजवळ दीड टक्का शेअरचा मालक आहे.

निधीसाठी 2004 पासून नीतिविषयक परिषद आहे. ज्या कंपन्यांचा 30 टक्के किंवा त्याहून अधिक व्यवसाय कोळशावर चालतो, त्यांच्यातून बाहेर पडण्याचे संसदेने 2015 मध्ये ठरवले आणि एप्रिल 2016 मध्ये जाहीर झालेल्या यादीत आपल्या टाटा पॉवर आणि रिलायन्स पॉवरचीही नावे होती. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी जात होते. परळीचे औष्णिक वीज केंद्र तर आदल्या वर्षीच पाण्याअभावी बंद करावे लागले होते. कोळसा जाळणारे केंद्रच दुष्काळापुढे थांबते, हे आपण मराठवाड्यात पाहिले आहे, म्हणून कोळशाविरुद्धचा निर्णय मला योग्यच वाटतो.

माझा आक्षेप तेलाबाबत आहे. निव्वळ तेलशोध आणि उत्खनन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर काढून घेण्याचे 2019 मध्ये ठरले. मात्र त्यामागे सरकारने दिलेले कारण हवामानाचे नव्हते, तेलाचे भाव कोसळले तर देशाच्या संपत्तीला बसणारा धक्का कमी करण्याचे होते. शेल, बीपी यांसारख्या मोठ्या कंपन्या निधीत राहिल्या आणि नॉर्वेचे स्वतःचे उत्खननही चालूच राहिले. इथली वीज बहुतांशी जलविद्युत आहे. बाहेर विकलेले तेल आणि वायू जाळल्यावर निघणारा कार्बन मात्र आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ते जाळणाऱ्या देशाच्या नावे मांडला जातो. हिशेबाची ही पद्धत कायदेशीर आहे, पण नीतीचा प्रश्न तिने सुटत नाही, कारण विक्रीचा पैसा येथील भावी पिढीसाठी साठतो आणि तापत्या हवेचा भार, ज्यांनी त्या पैशातला एक क्रोनरही पाहिला नाही, त्यांच्यावर पडतो. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत बीड आणि धाराशिवमध्ये शेतातली मातीच वाहून गेली. ते नुकसान कोणत्याही निधीच्या ताळेबंदात दिसत नाही.

शेअर विकून टाकणे हा पूर्ण उपाय नाही, कारण विकलेला शेअर दुसरा कोणीतरी घेतो. मालक म्हणून राहून मतदान करणे कधीकधी अधिक परिणामकारक ठरते, हा निधीच्या व्यवस्थापकांचा युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र विकसनशील देशांत कोळशाची जागा घेणाऱ्या विजेसाठी नॉर्वेने 2022 मध्ये नॉर्फंड या सरकारी गुंतवणूक संस्थेमार्फत जो स्वतंत्र हवामान गुंतवणूक निधी सुरू केला, त्यासाठी पाच वर्षांत 10 अब्ज क्रोनर ठरवले गेले, तर मूळ निधीने 2019 मध्येच 10,000 अब्जांचा टप्पा ओलांडला होता. हजारावा भागही नाही. वार्षिक 3 टक्क्यांतील ठरावीक हिस्सा दरवर्षी, दान म्हणून नव्हे तर देणे म्हणून, दुष्काळ आणि पूर सोसणाऱ्या प्रदेशांसाठी कायद्याने राखून ठेवावा, अशी माझी मागणी आहे.