ओबाट्स्डा, ब्रेझल आणि रडवलेला मुळा

आम्हाला जर्मनीत म्युनिकजवळच्या फ्रायसिंगला राहायला येऊन तीन वर्षे झाली होती, तेव्हा आमच्याच इमारतीतल्या एका निवृत्त शेजाऱ्यांनी पाच प्रकारच्या बिअर चाखण्यासाठी आम्हा दोघांना शनिवारी संध्याकाळी बोलावले आणि जिना उतरता उतरता सांगितले, "बिअर माझी, ब्रोटत्साइट मात्र तुम्ही आणा." ब्रोटत्साइट म्हणजे शब्दशः पावाची वेळ. बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, या शब्दात पाव, चीज, मुळा, गार मांस असे बिअरसोबत फारशी आच न लावता खायचे बहुतेक सारे पदार्थ येतात. खाणे बरोबर नेण्यात तिथे कमीपणा नाही. राजा मॅक्सिमिलियन पहिला योझेफ याने १८१२ मध्ये म्युनिकच्या बिअर बनवणाऱ्यांना आपल्या तळघरांपाशी बिअर विकण्याची परवानगी दिली, पण पावाखेरीज इतर खाणे विकण्यास मनाई केली, म्हणून लोक घरून शिदोरी आणू लागले. पारंपरिक बिअरगार्टनमध्ये, म्हणजे उघड्यावरच्या बिअरच्या बागेत, आजही आपला डबा उघडून बसता येते. डब्याची आम्हाला सवयच आहे, तेव्हा मी मोठ्या हौसेने होकार दिला.

शेजाऱ्यांनी दिलेल्या चिठ्ठीवर हेलेस (फिकट बिअर), वाइसबिअर (गव्हाची), डुंकेल (गडद), बांबेर्गची धुरकट राउखबिअर आणि शेवटी डॉपेलबॉक (कडक, माल्टदार) असा क्रम लिहिलेला होता, म्हणजे हलक्यापासून जडाकडे. माझे पती शाकाहारी असल्यामुळे सॉसेजचा विचार मी पहिल्यांदाच बाजूला ठेवला आणि ओबाट्स्डा, ब्रेझल (गाठीसारखा वळलेला खारा पाव) व मुळा असे तीन पदार्थ ठरवले.

ओबाट्स्डा हा पिकलेल्या कामांबेर या मऊ फ्रेंच धाटणीच्या चीजचा, लोणी घालून कुस्करलेला, पावाला लावून खायचा प्रकार आहे. १९२०च्या दशकात आमच्याच गावातल्या वाइहेनश्टेफान टेकडीवरच्या खानावळीत काथारीना आयझेनराइख यांनी तो लोकप्रिय केला, आणि २०१५ पासून त्याच्या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. अशा गावात हाच पदार्थ बिघडवून नेणे म्हणजे नागपुरात जाऊन सांबारवडी फसवण्यासारखे झाले असते, म्हणून आठवडाभर आधी मी रंगीत तालीम केली. ती साफ फसली. एक तर कृतीतल्या क्युमेलला मी आपले जिरे समजले. क्युमेल म्हणजे शहाजिऱ्याच्या वळणाचा, थोडा बडीशेपेकडे झुकणारा मसाला. आपल्या जिऱ्याला जर्मनमध्ये क्रॉइत्सक्युमेल म्हणतात. दुसरे म्हणजे, बारीक चिरलेला कांदा मी आदल्या रात्रीच चीजमध्ये मिसळून ठेवला. सकाळपर्यंत तो कांदा उग्र आणि कडवट झाला होता, कडाभर पाणी सुटले होते आणि डबा उघडताच पतींनी खिडकी उघडली.

दुसऱ्या वेळी दुकानातून मुद्दाम मुदत संपत आलेले कामांबेर आणले, कारण मधोमध खडूसारखा पांढरा गाभा राहिलेले कोवळे चीज नीट कुस्करले जात नाही. चीजमध्ये वासराचे रेनेट (दूध गोठवणारे विकर) आहे की सूक्ष्मजीवांपासून केलेले, हे वेष्टनावर नेहमी लिहिलेले नसते. शाकाहारी घरात त्यासाठी थोडी शोधाशोध करावी लागते. २५० ग्रॅम चीज आणि ७५ ग्रॅम लोणी दोन-तीन तास बाहेर ठेवून मऊ होऊ दिले, मग काट्याने कुस्करून त्यात दोन चमचे क्रीम चीज, एक चमचा गोड पापरिका, अर्धा चमचा भरडलेले क्युमेल, मीठ, मिरी आणि तीन चमचे वाइसबिअर घातली. मिक्सरला हात लावला नाही, कारण ओबाट्स्डामध्ये चीजचे बारीक खडे लागले पाहिजेत. पापरिकेच्या जागी घरचे लाल तिखट घालण्याचा मोह फार झाला, पण तिखटामुळे हॉप्सचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा आणि अल्कोहोलची जळजळ दोन्ही जास्त जाणवतात आणि पुढच्या घोटाची चव कळेनाशी होते, म्हणून तो आवरला. हे मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये मुरले. कांदा मात्र घरीच चिरून वेगळ्या डबीत घेतला.

ब्रेझल विकत मिळतात, आणि शहाण्या माणसाने विकतच आणावेत. पण मला तो तपकिरी तकाकीचा रंग स्वतः आणून पाहायचा होता. हा रंग क्षारातून येतो: बेकरीत कच्चे ब्रेझल कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात बुडवतात, त्यामुळे भट्टीत पृष्ठभागावरची साखर आणि प्रथिने झपाट्याने तपकिरी होतात. स्वयंपाकघरात कॉस्टिक सोडा आणायचा नव्हता, म्हणून पहिल्या खेपेला खाण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवून पाहिले. रंग पावासारखा फिकटच राहिला. मग तोच सोडा ताटात पसरून १२० अंशांवर तासभर भाजला. तापल्याने त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जाते आणि अधिक तीव्र असा सोडियम कार्बोनेट उरतो. लिटरभर पाण्यात त्याचे ४० ग्रॅम, स्टीलचे पातेले (ॲल्युमिनियम कधीही नाही) आणि हातात रबरी मोजे, एवढी सिद्धता केली. ५०० ग्रॅम मैद्याच्या कणकेचे दहा लहान ब्रेझल वळून तासभर फ्रिजमध्ये उघडेच ठेवले होते, त्यामुळे वरची साल सुकली आणि बुडवताना आकार मोडला नाही. वर जाडे मीठ भुरभुरून २२० अंशांवर सोळा मिनिटे भाजले. शेजारच्या श्वाबेन भागातल्या ब्रेझलच्या जाड पोटावर सुरीने चीर देतात, तर बायर्नच्या ब्रेझलची साल आपोआप वेडीवाकडी फुटलेली असते. माझ्यातले चार फुटले, सहा फुटलेच नाहीत.

मुळ्याला येथे राडी म्हणतात. तो अखंड ठेवून एका बाजूने तिरके, मग उलटून दुसऱ्या बाजूने सरळ, पण अर्ध्यापर्यंतच काप द्यायचे. ओढला की बाजाच्या भात्यासारखा उघडतो. मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवला की त्याला पाणी सुटते आणि तिखटपणा उतरतो. याला बव्हेरियन लोक मुळा रडला असे म्हणतात. कोशिंबिरीत मुळ्याला पाणी सुटू नये म्हणून माझी आई मीठ आयत्या वेळी घालत असे. तेच पाणी येथे मुद्दाम आणायचे, याची गंमत वाटली. हे काम मी शेजाऱ्यांच्या ओट्यावरच केले.

खारा मुळा हेलेससोबत संपून गेला आणि वाइसबिअरच्या केळ्या-लवंगेच्या वासाशी ओबाट्स्डाचे छान जमले. राउखबिअरपुढे मात्र आमचे सगळेच फिके पडले. तिथे धुरावलेले काहीतरी हवे होते, ते मला सुचले नव्हते. डॉपेलबॉकच्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोडीसाठी मी आयत्या वेळी आक्रोड आणि आल्प्सलगतच्या ऑलगॉयचे मुरलेले डोंगरी चीज नेले होते. त्यात वासराचे रेनेट असल्यामुळे पतींनी आक्रोडांवर समाधान मानले.

निघताना ओबाट्स्डाचा अर्धा वाडगा उरला होता. मी तो उचलू लागले, तसा शेजाऱ्यांनी हात आडवा केला, वर पसरलेल्या कांद्याच्या चकत्या काट्याने एकेक वेचून बशीत काढल्या आणि मग वाडगा आपल्या फ्रिजमध्ये ठेवला.