एलसॅटचा चौथा सेक्शन

अमेरिकेत लॉ स्कूलसाठी एलसॅट द्यायची ठरवल्यावर आईला फोनवर सांगितलं, पेपरात चार सेक्शन असतात पण गुण तिनाचेच धरतात. ती म्हणाली, "मग चौथ्याचे पैसे कशाला घेतात?"

प्रश्न अगदी रास्त. त्या चौथ्यात पुढच्या परीक्षांसाठी तयार केलेले प्रश्न असतात. प्रश्न खरोखर किती अवघड जातो, चांगली तयारी असलेलेही एखाद्या चुकीच्या पर्यायावर का घसरतात, हे परीक्षेला बसलेल्यांवरच पडताळावं लागतं. आणि हा सेक्शन ओळखता आला तर तो जीव तोडून कोण सोडवेल? म्हणून तो बाकीच्यांसारखाच दिसतो, वेळही तेवढीच, 35 मिनिटं. थोडक्यात, फी आपण भरायची आणि प्रश्नही आपणच तपासून द्यायचे. मला हे अजून खटकतं. जीआरईने (परदेशी मास्टर्स, पीएचडीसाठी देतात ती परीक्षा) सप्टेंबर 2023 मध्ये पेपर छोटा करताना न मोजला जाणारा सेक्शन काढूनही टाकला.

तयारी करताना डोकं फिरलं ते सल्ल्यांमुळे. ऑफिसातल्या एकीने सांगितलं, पाच सेक्शन असतात आणि 'एक्सपेरिमेंटल', म्हणजे न मोजला जाणारा, बहुतेक पहिल्या तिनात येतो. दुसरा म्हणाला, तीनच असतात, एक्सपेरिमेंटल वगैरे काही नाही. तिसरीने लॉजिक गेम्सची, म्हणजे अटींवरून क्रम किंवा गट लावायच्या कोड्यांची, जाडजूड पुस्तकं आणून दिली. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पहिलीने कोविडआधी परीक्षा दिली होती. दुसऱ्याने 2020 मध्ये घरून दिली होती, तेव्हा पेपर खरंच तीन सेक्शनचा होता. ऑगस्ट 2021 पासून चार झाले आणि ऑगस्ट 2024 पासून लॉजिक गेम्स गेले. आता दोन लॉजिकल रीझनिंग (छोटे युक्तिवाद तपासायचे) आणि एक रीडिंग कॉम्प्रिहेन्शन (उतारे वाचून उत्तरं द्यायची) मोजतात. न मोजला जाणारा या दोन्हींपैकी कुठलाही असू शकतो, आणि पेपरात कितव्याही क्रमांकावर येऊ शकतो. पुस्तकं मी धन्यवाद म्हणून परत केली.

सराव मी कायम चारही सेक्शन सलग करत होते, मधे दहा मिनिटांची सुट्टी धरून. शेवटच्या सेक्शनला मेंदू कसा बधिर होतो ते तिनांच्या सरावात समजतच नाही.

परीक्षेत पहिला लॉजिकल रीझनिंग आला, दुसरा रीडिंग. सुट्टीनंतर तिसरा उघडला तर पुन्हा रीडिंग! म्हणजे दोन्ही रीडिंगपैकी एक फुकटचा, पण कुठला ते कळायला मार्ग नाही. एक मात्र तिथेच स्पष्ट झालं: चौथा लॉजिकल रीझनिंगच असणार, आणि पहिल्यासारखा तोही नक्की मोजला जाणार. (लॉजिकल रीझनिंग तीनदा आलं तर उलट, मग रीडिंग नक्की धरलं जातं.) तिसऱ्यातला एक उतारा असा काही किचकट होता की मन लगेच म्हणालं, हाच तो, सोड. पण मोजल्या जाणाऱ्या सेक्शनमध्येही असे उतारे असतातच, त्यामुळे अवघडपणावरून काही ठरत नाही. उतारा कशावर होता ते सांगत नाही, परीक्षेआधी गुप्ततेची अट मान्य करावी लागते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटचे राहिलेले प्रश्न अंदाजाने भरले आणि पुढे गेले.

निकालात 120 ते 180 मधला एक आकडा आणि पर्सेंटाइल येतं. न मोजलेला सेक्शन कुठला, याचा उल्लेख नसतो.

निबंधाचा भाग वेगळा, घरी बसून ऑनलाइन लिहायचा. त्यालाही गुण नाहीत, म्हणून बरेच जण तो पुढे ढकलतात. पण पहिल्यांदा परीक्षा देणाऱ्यांचा निबंध जमा नसेल तर स्कोअर अडकून राहतो, आणि कॉलेजांकडे अर्जासोबत निबंधही जातो. मी तो निकालाच्या तारखेआधीच उरकला.