तेच २० पिक्सेल, पण कुठे?

फिट्सचा नियम, म्हणजे टार्गेटपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल हे त्याचं अंतर आणि रुंदी यांवरून सांगणारं सूत्र, इंटरफेसवर काम करणाऱ्या बहुतेकांनी ऐकलेला असतो, आणि सांगताना तो एवढाच सांगितला जातो की बटण मोठं ठेवा, जवळ ठेवा. चुकीचं नाहीये ते. पण खरी गंमत आहे त्यातल्या लॉगमध्ये (लॉगॅरिदम) आणि नेमका तोच गाळला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पॉल फिट्स अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, आधी विमानाच्या कॉकपिटमध्ये पायलटच्या हातून चुका का होतात यावर काम केलेले. १९५४ मध्ये त्यांनी लोकांना हातात स्टायलस देऊन दोन धातूच्या पट्ट्यांवर आळीपाळीने जमेल तितक्या भराभर टेकवायला लावला, आणि पट्ट्यांची रुंदी आणि त्यांच्यातलं अंतर बदलत गेले. म्हणजे स्क्रीन नाही, कर्सर नाही, काहीच नाही! माहिती बिटमध्ये मोजणारी शॅननची इन्फर्मेशन थिअरी तेव्हा जेमतेम सहा वर्षांची, आणि या माणसाने हाताच्या हालचालीलाच माहिती वाहून नेणारं चॅनल मानून टाकलं, नेम जितका अवघड तितके बिट जास्त. पुढे १९७८ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातल्या कार्ड, इंग्लिश आणि बर या संशोधकांनी माऊस, जॉयस्टिक आणि कीबोर्डच्या कीज यांची तुलना केली, त्यात माऊस सरस ठरला आणि त्याच्या वेळा फिट्सच्या सूत्रात छान बसल्या.

आता जास्त करून वापरतात ते या सूत्राचं रूप संशोधक स्कॉट मॅकेन्झींचं. अंतराला रुंदीने भागा, १ मिळवा, बेस २ चा लॉग घ्या, झाले अवघडपणाचे बिट. त्याला एका आकड्याने गुणून दुसरा एक मिळवला की वेळ आली. हे दोन आकडे प्रयोगातूनच काढावे लागतात, डिव्हाइस बदललं की तेही बदलतात, त्यामुळे कुठल्यातरी पेपरमधून उचलून वापरू नका.

समजा बटण कर्सरपासून ६०० पिक्सेल दूर आहे. रुंदी २० असेल तर साधारण ४.९५ बिट, ४० केली तर बरोबर ४. आता हेच २० पिक्सेल आधीच २०० रुंद असलेल्या बटणाला द्या, २ बिटचे १.९ होतात, बस. म्हणजे जागा तेवढीच खर्च झाली आणि फायद्यात नऊ-दहा पटींचा फरक! तरी जाऊन आपण मोठ्या रंगीत बटणाला अजून मोठं करतो आणि कोपऱ्यातली बंद करायची फुली तशीच बारकी ठेवतो. माझं तर स्पष्ट मत आहे, जागा आधी फुलीला द्या.

रुंदी कुठल्या दिशेची हाही प्रश्न आहेच. लांबलचक लिंकवर वरून खाली येताना तिची उंची मोजायला हवी, लांबी नाही. आणि टार्गेट स्क्रीनच्या कडेला चिकटलेलं असलं तर माऊस कितीही जोरात ढकला, कर्सर कडेलाच थांबतो, त्या दिशेने रुंदी जवळपास अनंतच झाली की. मॅकचा मेन्यू बार एकदम वरच्या कडेला आहे त्याचा फायदा हाच.

पण डेटा गोळा करताना जी गोष्ट हमखास राहते ती म्हणजे लोक खरंच कुठे क्लिक करतात. कोणी सुसाट जातं आणि चुकतं, कोणी सावकाश जाऊन बरोब्बर मध्यभागी क्लिक करतं, दोघांना एकाच रुंदीने मोजलं तर घाई करणारा उगाच हुशार दिसतो. म्हणून क्लिक किती विखुरलेत त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढून ४.१३३ ने गुणतात आणि ती रुंदी धरतात, अशा पट्ट्यात साधारण ९६ टक्के क्लिक येतात. मला हा सगळ्या मॉडेलमधला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो कारण इथे डिझायनरने काढलेली चौकट बाजूला राहते आणि माणसाच्या हाताने आखलेली मोजली जाते.

टचस्क्रीनवर अजून एक भानगड, बोट कितीही हळू टेकवलं तरी थोडं इकडेतिकडे पडतंच, ते काही घाईमुळे नसतं. २०१३ मध्ये बी, ली आणि झाई या संशोधकांनी हा बोटाचा स्वतःचा विखुरलेपणा वेगळा मोजून एकूणातून वजा केला आणि बारीक टार्गेटसाठी अंदाज सुधारले. त्यामुळे तुम्ही असं काही मोजणार असाल तर नुसतं लागलं की चुकलं एवढंच साठवू नका, चुकलेल्या टॅपसकट प्रत्येक टॅपचे एक्स-वाय, म्हणजे स्क्रीनवरची नेमकी जागा, ठेवा, नाहीतर यातलं काहीच नंतर काढता येत नाही.